चवीचं खाणं महाग असतं, हे तुम्हाला कोणी सांगितलं?

"डॉक्टर, तुम्ही सांगता तसं खायचं म्हणजे महिन्याचं बजेट कोलमडतं." डायबेटिसचे पेशंट हे वारंवार म्हणतात. मी काय खायला सांगितलं होतं, असं विचारलं की मोबाइल पुढे येतो. त्यात कुणीतरी पाठवलेला डाएट चार्ट असतो: सकाळी ॲव्होकॅडो टोस्ट, दुपारी किनोआ, रात्री सामन मासा, सगळं ऑलिव्ह ऑइलमध्ये. यातलं एक अक्षरही मी लिहिलेलं नसतं.

किनोआ वाईट नाही. माझा राग त्या चार्टवर आहे, कारण त्यामुळे माणसाला वाटतं की आपल्या ऐपतीत पथ्याचं म्हणजे बेचव, आणि चवीचं हवं असेल तर पैसे मोजा. एक पेशंट घरी महागडं तेल आणत होते आणि शुगरच्या गोळ्या एक दिवसाआड घेत होते, खर्च बसत नाही म्हणून!

जरा आकडे बघा. 100 ग्रॅम कोरड्या किनोआत सुमारे 14 ग्रॅम प्रथिनं असतात, हरभऱ्यात सुमारे 20. सामनमधलं ओमेगा-3 बांगड्यात आणि तारलीतही भरपूर असतं. ऑलिव्ह ऑइल कडकडीत तापवून मोहरी टाकलीत, की ज्या सुगंधासाठी पैसे मोजले तो बराचसा उडून जातो.

आता चवीचं. हॉटेलातल्या ग्रेव्हीची चव बरीचशी बटर, क्रीम, साखर आणि मीठ यांची असते. ती घरी आणायची गरजच नाही. कांदा आणि सुकं खोबरं मंद आचेवर तांबूस होईपर्यंत भाजा. त्या भाजण्यात नवे सुगंधी घटक तयार होतात, जे कच्च्या कांद्यात नसतातच. मसाल्याचा वास तेलात उतरतो, म्हणून चमचाभर तेलाची फोडणी अख्ख्या उसळीला पुरते. धने-जिरे अख्खे आणा आणि लागतील तेवढेच भाजून कुटा; सहा महिने उघडलेल्या पाकिटातल्या पुडीला कसला वास राहणार?

बीपीवाल्यांनी आंबटाकडे विशेष लक्ष द्यावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार दिवसभराचं मीठ 5 ग्रॅमपेक्षा कमी हवं, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. लिंबू, कोकम किंवा चिंच घातली की कमी मिठातही पदार्थ अळणी लागत नाही. मीठ हळूहळू कमी केलंत तर काही आठवड्यांत जिभेलाही सवय होते. (लोणचं, पापड आणि फरसाण या हिशोबात धरायचं बरं का!)

भाजलेल्या वांग्यात तिळाची पेस्ट, लसूण आणि लिंबू घातलं की त्याला बाबा गनूश म्हणतात आणि मोठ्या हॉटेलात त्याचं भलंमोठं बिल येतं. आपलं भरीत त्याचंच भावंडं. वांगं थेट आचेवर भाजा, तिळाचं कूट, लिंबू आणि वरून लसणाची फोडणी घाला. सोबत मोड आलेल्या मटकीची उसळ, काकडीची कोशिंबीर आणि बाजरीची भाकरी. भाकरीनेही साखर वाढते, त्यामुळे डायबेटिस असेल तर एकच घ्या आणि उसळ जास्त.

"एवढा वेळ कुणाला आहे?" हा प्रश्न मला बहुधा असे गृहस्थ विचारतात, ज्यांनी स्वतः कधी वांगं भाजलेलं नसतं. कांदा-खोबऱ्याचं वाटण रविवारी करून फ्रीजरमध्ये ठेवा. अर्धा तास लागतो, आणि पुरुषांच्या हातूनही ते छान भाजलं जातं.

किडनीचा आजार असेल तर डाळी-उसळी किती खायच्या हे आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. आणि बाजारात मिळणारं 'लो सोडियम' मीठ तर विचारल्याशिवाय आणूच नका; त्यात पोटॅशियम असतं आणि किडनीच्या रुग्णाला ते धोक्याचं ठरू शकतं. बीपीच्या काही गोळ्यांनीही रक्तातलं पोटॅशियम वाढतं, तेव्हा येताना तुमच्या गोळ्यांची पाकिटं सोबत आणा.