दोनशे रुपयांची दंतकथा

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा आला की महाराष्ट्रातल्या विज्ञान महाविद्यालयांत दोन गोष्टी हमखास घडतात. रांगोळी स्पर्धेत कुणीतरी डीएनएची पिळाची शिडी काढतं, आणि व्यासपीठावरून कुणीतरी सांगतं की सर सी. व्ही. रामन यांनी आपला शोध अवघ्या दोनशे रुपयांच्या उपकरणांवर लावला. रांगोळी निरुपद्रवी असते. दुसऱ्या गोष्टीचा समाचार घ्यायला हवा, कारण तिचा उपयोग हल्ली पैसे नाकारण्यासाठी होऊ लागला आहे.

एका बहुश्रुत निवृत्त गृहस्थांनी तर तिचा सिद्धांतच करून टाकला आहे. त्यांचं नाव इथे घेण्याचं कारण नाही. नाव छापल्याने त्यांना आनंद होईल, आणि या मताची माणसं इतकी आहेत की सगळं श्रेय एकट्याच्या पदरात घालणं अन्यायाचं ठरेल. सिद्धांत असा: पदवीच्या वर्गातली पोरं आणि त्यांचे प्राध्यापक यांना मिळून संशोधन करण्यासाठी अनुदान देणं म्हणजे सरकारी पैशाची उधळपट्टी. पोरांना अजून ब्युरेट धड धरता येत नाही. प्राध्यापकाने शिकवावं, उगाच शास्त्रज्ञ म्हणून मिरवू नये. तीन वर्षांत पोरं निघून जातात, मागे उरतात धूळ खाणारी यंत्रं. कॉलेजांतून निघणारे शोधनिबंध रद्दीच्या भावाचे. आणि सर्वांवर कडी म्हणजे, खऱ्या प्रतिभेचं पैशावाचून अडत नाही, रामन पाहा! इथे टाळ्या पडतात.

तेव्हा आधी या दोनशे रुपयांचा हिशेब.

रामन परिणामाचा शोध २८ फेब्रुवारी १९२८ चा. त्या काळी सोनं तोळ्याला वीस रुपयांच्या आसपास होतं, म्हणजे दोनशे रुपयांत साधारण दहा तोळे आलं असतं. आज तेवढं घ्यायला गेल्यास सराफ दहा लाखांच्या पुढचा आकडा सांगतो. सोन्याच्या तागडीत विज्ञान तोलणं हे काही अर्थशास्त्र नव्हे, हे कबूल. पण जी माणसं जुने रुपये नव्या रुपयांशेजारी ठेवून टाळ्या घेतात, त्यांना एवढं उत्तर पुरेसं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने बाराव्या पंचवार्षिक योजनेत प्राध्यापकांसाठी लघु संशोधन प्रकल्प ठेवले होते. त्यांची कमाल मर्यादा विज्ञानाला ५ लाख आणि मानव्यविद्यांना ३ लाख रुपये होती. म्हणजे दंतकथा शब्दशः खरी मानली, तरी रामन यांच्या ‘अवघ्या’ दोनशे रुपयांत असले दोन प्रकल्प सहज बसतात. भाववाढ हा प्रकार व्याख्यानांना लागू नसावा.

पण त्या रकमेपेक्षा तिच्यात काय काय धरलेलंच नाही, ते पाहणं अधिक उद्बोधक आहे. शोध लागला तो कलकत्त्याच्या बहूबाजार रस्त्यावरच्या एका संस्थेत. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली ती लोकवर्गणीतून उभी केली होती. १९०७ साली वित्त खात्यातला एक तरुण अधिकारी तिच्या दारात आला, तेव्हा इमारत होती, प्रयोगशाळा होती, व्याख्यानाचं दालन होतं. नव्हतं ते त्यांचा उपयोग करणारं कुणी. उपकरणं जुळवून द्यायला आशुतोष डे हे मदतनीस होते, ज्यांना सगळे आशुबाबू म्हणत. पुढची दहा वर्षं, मधला बदलीचा काळ सोडला तर, कचेरीच्या आधी आणि नंतर रामन तिथे राबले. ही दहा वर्षंही दोनशे रुपयांत मोजलेली नाहीत, कारण त्यांचं पोट सरकारी पगारावर चाललं होतं.

मग १९१७ साली त्यांनी ती नोकरी सोडली, ती कलकत्ता विद्यापीठातल्या पालित अध्यासनासाठी. बॅरिस्टर तारकनाथ पालित यांनी विज्ञानाच्या शिक्षणासाठी विद्यापीठाला लाखो रुपयांची संपत्ती दिली होती, तिच्यातून हे अध्यासन उभं राहिलं. त्यावर बसणाऱ्याला वर्ग घेण्याची सक्ती नव्हती. रामन हौसेने शिकवत, तो भाग वेगळा. ‘प्राध्यापकाने शिकवावं’ असं बजावणाऱ्या वक्त्यांनी आपल्या आदर्श पुरुषाच्या नोकरीची ही अट एकदा डोळ्यांखालून घालावी.

आणि प्रत्यक्ष प्रयोग? सात इंची दुर्बिणीच्या भिंगाने सूर्यप्रकाश एकवटायचा, तो जांभळ्या काचेतून गाळून द्रवावर टाकायचा, आणि त्या द्रवातून बाजूला विखुरणारा प्रकाश दुसऱ्या, हिरव्या काचेतून पाहायचा. नुसताच जांभळा प्रकाश विखुरत असता तर या दुसऱ्या काचेमागे काळोख दिसायला हवा होता. तिथे एक फिकट पट्टा दिसला. हे ऐकायला स्वस्त वाटतं. पण सात इंची दुर्बीण काही जत्रेत मिळत नाही. पुढे पाऱ्याचा दिवा आला, वर्णपटाची छायाचित्रं घ्यायला हिल्गर कंपनीचा स्पेक्ट्रोग्राफ लागला. तपासलेले द्रव साठच्या आसपास होते आणि ते शुद्ध करून घ्यावे लागले. अंधाऱ्या खोलीत डोळे ताणून बसायला के. एस. कृष्णन यांच्यासारखा सहकारी होता. तो हवेवर जगत नव्हता. दोनशे रुपये हा शेवटच्या पायरीचा खर्च. जिना आधीच्या पन्नास वर्षांत इतरांनी बांधून ठेवला होता.

या दंतकथेची एक बहीणही आहे. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात पदवीचे विद्यार्थी असतानाच आपला निबंध लिहिला आणि तो १९२९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. अनुदान शून्य! बरोबर. फक्त ते रामन यांचे पुतणे होते आणि आदल्या वर्षीची उन्हाळी सुटी त्यांनी कलकत्त्याला काकांच्या संस्थेत घालवली होती. ज्या मुलीचे काका वर्णपटमापक बाळगत नाहीत, जी परभणीहून किंवा शहाद्याहून येते, तिला काकांच्या जागी एक योजना लागते. एवढंच या अनुदानाचं प्रयोजन आहे, आणि एवढंच विरोधकांच्या ध्यानात येत नाही.

बाकीचे आक्षेप इतक्या जागेच्या लायकीचे नाहीत.

पोरांना काही येत नाही, म्हणे. पुण्याच्या गरवारे महाविद्यालयात मिलिंद वाटवे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वेडा राघू या पक्ष्यावर काम केलं. हा पक्षी मातीच्या दरडीत बीळ करून अंडी घालतो, आणि शत्रू जवळ असला की बिळात शिरत नाही. प्रश्न असा होता की त्याला नुसतं माणसाचं अंतर कळतं, की माणूस उभा आहे तिथून बीळ दिसतं की नाही हेही कळतं? म्हणून माणसाला कधी बीळ दिसेल अशा जागी उभं केलं, कधी तितक्याच अंतरावर पण बीळ आडोशाला जाईल अशा जागी. बीळ दिसत नसेल तेव्हा राघू जास्त बिनधास्त आत शिरत होते. दुसऱ्याला काय दिसतं याचा अंदाज पाखराला असावा, असं सुचवणारा हा निबंध २००२ साली प्राण्यांच्या आकलनाला वाहिलेल्या एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला. यावर विरोधक लगेच म्हणतील, ‘बघा, यालाही पैसा लागला नाही!’ महागडं यंत्र लागलं नाही, खरं आहे. लागली ती विणीच्या हंगामात माळावर रोज जायची मुभा आणि सोबत येणारा प्राध्यापक. सकाळचे तास बुडवून आणि पदरचं पेट्रोल जाळून हे करणारे शिक्षक आजही आहेत. त्यांच्या खिशातून जातो तो खर्चच असतो; कागदावर नसला म्हणून तो नाहीसा होत नाही.

तीन वर्षांत पोरं निघून जातात, हेही खरं. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा ‘स्वयम्’ उपग्रह २००८ च्या सुमारास सुरू झाला आणि २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३४ वर बसून वर गेला. वजन एक किलोच्या आत. आठ वर्षांत विद्यार्थ्यांच्या तुकड्यांमागून तुकड्या आल्या, वहीत नोंदी करून, पुढच्यांना सगळं समजावून गेल्या. ज्यांनी पहिले आराखडे काढले ते उड्डाणाच्या दिवशी कुठे कुठे नोकऱ्या करत होते. पोरं जातात म्हणून काम मरतंच असतं, तर गणेशोत्सव मंडळं कधीच बंद पडली असती.

रद्दी निबंधांचा आक्षेप मात्र पूर्ण खरा आहे. बढतीसाठी गुण मोजायची पद्धत आली तेव्हा पैसे भरून काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचं पीक आलं. पण ते पीक छापलेले कागद मोजण्याच्या पद्धतीवर पोसलं. प्रयोगाला मिळालेल्या पैशाशी त्याचा संबंध नव्हता. रद्दीला प्रयोग लागतच नाही, हेच तर तिचं वैशिष्ट्य.

थोडं विषयांतर. संशोधन संस्थांनी करावं आणि कॉलेजांनी शिकवावं, ही वाटणी काही निसर्गनियम नाही. स्वातंत्र्याच्या आगेमागे मोठमोठ्या प्रयोगशाळा विद्यापीठांबाहेर उभ्या राहिल्या तेव्हाच काही जाणत्यांनी ओरड केली होती की याने विद्यापीठं वाळून जातील. त्यांना तेव्हा मत्सरी ठरवलं गेलं. पुढे कॉलेजांत संगणक आणायची वेळ आली, तेव्हा याच सुरात सांगितलं गेलं की बी.एस्सी.च्या पोरांना संगणक कशाला, पाढे पाठ करा. प्रत्येक वेळी युक्तिवाद एकच: आमच्या वेळी नव्हतं, आमचं कुठे अडलं? अडलं की नाही हे अडलेल्याला नेहमीच कळतं असं नाही. असो.

आता मांडायचं ते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्याप्रमाणे, पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळवणाऱ्याला चौथं वर्ष ‘संशोधनासह ऑनर्स’ म्हणून घेता येतं आणि त्यात १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प असतो. वाद करायला जागाच नाही. प्रकल्प अभ्यासक्रमात आलेलाच आहे. पैसा मात्र आलेला नाही. आयोगाच्या त्या लघु प्रकल्पांचा ओघ पंचवार्षिक योजनांबरोबर आटला. २०२३ च्या कायद्याने आलेल्या राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा पाच वर्षांचा आकडा ५०,००० कोटींचा. त्यातले ३६,००० कोटी खासगी क्षेत्रातून येतील अशी आशा आहे, आणि त्या डोंगरातून तालुक्याच्या कॉलेजातल्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गापर्यंत किती झिरपेल याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्या संस्थेने १९६९ साली पदवीच्या विद्यार्थ्यांना प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेत घेण्याची पद्धत सुरू केली. तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाची उन्हाळी योजना १९८७ पासून चालू आहे, आणि तिच्यात विद्यार्थ्याला विद्यावेतन मिळतं. मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा पदवी विद्यार्थ्यांसाठीचा उपक्रम २००४ पासून आहे. उत्तम आहे, पण निवडक मुलांसाठी आहे.

महाराष्ट्राला तर नमुना शोधायला इतकंही लांब जायला नको. ‘कमवा आणि शिका’ इथे कर्मवीर भाऊराव पाटलांच्या काळापासून रुजलेली आहे. आजही तिच्याखाली मुलं ग्रंथालयात पुस्तकं लावतात, बागेला पाणी घालतात, कार्यालयात नोंदी करतात आणि तासाप्रमाणे पैसे घेतात. त्याच तासात ती विहिरींच्या पाण्याचे नमुने तपासतील, सड्यावरच्या वनस्पतींची यादी करतील, बाजार समितीतले भाव टिपून ठेवतील, तर बिघडतं कुठे? एक प्राध्यापक, दोन-तीन विद्यार्थी, एका वर्षाला लाखभर रुपये. त्यातले निम्मे विद्यार्थ्यांच्या कामाच्या तासांचे, उरलेले रसायनं, प्रवास आणि दुरुस्तीचे. प्राध्यापकाच्या वेळापत्रकातून आठवड्याचे चार तास कमी, आणि हे काम त्याच्या कार्यभारात धरलेलं. वर्षाअखेरीला निबंध छापल्याचा पुरावा मागू नये. नोंदवह्या आणि मोजमापं ग्रंथालयात जमा करून घ्यावीत, म्हणजे पुढची तुकडी तिथून सुरू करेल.

हिशेबाचं काय, असं लेखापाल विचारतील, आणि तो प्रश्न त्या निवृत्त गृहस्थांच्या साऱ्या सिद्धांतापेक्षा अवघड आहे. आज तीनशे रुपयांच्या गाळणकागदालाही तीन कोटेशनं मागणारी कॉलेजं आहेत. एसटीचं तिकीट हरवलं तर प्रवासाची रक्कम गेली. उपयोगिता प्रमाणपत्र सनदी लेखापालाच्या सहीने गेल्याशिवाय दुसरा हप्ता सुटत नाही, आणि तो सुटतो तेव्हा परीक्षा आलेल्या असतात. लाखभर रुपयांच्या कामाला एवढा बंदोबस्त नको. ठरावीक रकमेपर्यंत विभागप्रमुखाची सही पुरे धरावी आणि पैसे जून महिन्यात एकरकमी द्यावेत. राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत नवा अभ्यासक्रम २०२४-२५ पासून लागू झाला. त्यांची पहिली तुकडी २०२७ च्या पावसाळ्यात चौथ्या वर्षाला बसेल आणि प्रकल्पाच्या यादीत आपलं नाव शोधेल. रसायनांचं बिल कुणाच्या नावावर फाडायचं, एवढं तरी तोवर ठरलेलं असावं.