कुऱ्हाड ठेकेदाराची, काटा कुणब्याच्या पायांत

वऱ्हाडांतील शेतकरी व कारागीर बंधूंनो, मेळघाटचें जंगल म्हणजे डोंगरावरच्या कोरकूंचें गाऱ्हाणें, आपल्याला त्याचें काय, असें अकोट-दर्यापुराकडे जो कोणी म्हणत असेल त्यानें आधीं आपल्या घरांतला पाण्याचा घडा पाहावा. खारपाणपट्ट्यांत विहीर खणली तर खारें पाणी लागतें. गोडें पाणी येतें तें वान आणि शहानूर या नद्यांवरच्या धरणांतून, आणि या दोन्ही नद्या मेळघाटच्या डोंगरांतूनच उतरतात. डोंगर उघडा पडला कीं माती धरणांत आणि तहान तुमच्या दारांत!

या जंगलाविषयीं दोनच पंथ बोलतात. एक म्हणतो, तोडा, विका, तिजोरी भरा. दुसरा म्हणतो, काडीला हात लावूं नका, कुंपण घाला. १९७४ सालीं तर गंमतच झाली. एकाच वर्षीं मेळघाटचा व्याघ्रप्रकल्प निघाला आणि लांकडासाठीं राज्याचें वनविकास महामंडळहि निघालें. एका हातांत कुलूप, दुसऱ्या हातांत करवत! ज्याचें औत त्या लांकडाचें आणि ज्याचीं गुरें त्या गवतावर, त्याला कोणीं विचारलें?

तोड म्हणजे पापच, असें आम्ही म्हणत नाहीं. सागाला ऊन पाहिजे. दाटी झाली कीं तो काटकुळा राहतो, म्हणून ज्वारीसारखी त्याचीहि विरळणी करावी लागते. जमिनीसरसा नीट तोडला तर बुडख्याला धुमारे फुटतात. त्यांतला एक जोमदार ठेवावा आणि तो मोठा होईतों गुरें आंत सोडूं नयेत. वर्षाला जेवढें वाढतें तेवढेंच काढावें. व्याज खावें, मुद्दलाला हात लावूं नये. सावकाराच्या वहींत ज्यांच्या बापजाद्यांचें मुद्दल कधीं फिटलेंच नाहीं, त्यांना हें समजावून सांगायला नको. पाप आहे तें मोह, तेंदू, चारोळी साफ करून नुसता सागच लावण्यांत. सागाच्या पानाला गुरें तोंड लावीत नाहींत. मोहाचें फूल मात्र उन्हाळ्यांत गरिबाची चूल पेटती ठेवतें. हिशोब लिहिणारा कधीं फुलें वेंचायला गेला आहे काय?

जंगलखात्याचा जाच जोतीरावांनीं ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्यें १८८३ सालींच मांडला. राज्य बदललें, पण १९२७ चा इंग्रजी वनकायदा अजून चालूच आहे. वर १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा. तुमच्याच बांधावरचा, तुम्हींच पाणी घालून वाढवलेला साग तोडायला परवानगी, मग न्यायला परवाना. आमच्या एका चुलत्यानें मुलीच्या लग्नासाठीं चार झाडें काढायचीं ठरविलीं. कागद हातीं आला तेव्हां मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरीं आलेली! अशा वेळीं ठेकेदार येतो आणि म्हणतो, कागदाचें मी पाहतों, झाड मातीमोल दे. मग बांधावर साग लावतो कोण? आणि बांधावर झाड नसलें कीं सगळा भार पुन्हां जंगलावरच.

लोकांच्या हातीं दिलें तर लोक एका हंगामांत जंगल खाऊन टाकतील, असें साहेबलोक म्हणतात. त्यांनीं अचलपूर तालुक्यांतलें पायविहीर पाहून यावें. २००६ च्या वनहक्क कायद्याखालीं त्या कोरकू गांवाला २०१२ सालीं १९२ हेक्टर रान मिळालें, तेंहि उजाड. गांवानें राखण केली, झाडें लावलीं, त्या रानांतलीं सीताफळें मुंबईच्या बाजारांत गेलीं, आणि २०१४ सालीं गांवाला जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. खोटें बोलून आम्हांला काय मिळणार! आपल्यांतलेहि कांहीं जण ठेकेदाराच्या दारूवर रात्रीं हिरवें झाड पाडतात, हें आम्ही लपवीत नाहीं. पण स्वतः राखलेल्या रानांत चोर शिरला तर गांव त्याला ओळखतो.

मात्र त्या कायद्यानें बांबू, मोह, तेंदू दिला; इमारती लांकूड दिलें नाहीं. गांवानें राखलेला साग मोठा झाला कीं मालक पुन्हां खातेंच. हें बदललें पाहिजे. विरळणींत निघणाऱ्या बल्ल्या लिलावाला जाण्याआधीं जवळच्या गांवच्या सुताराला आणि शेतकऱ्याला रास्त भावानें मिळाव्या. कोणत्या कूपांत किती झाडें पडणार, त्याची यादी तोडीआधीं ग्रामसभेंत वाचावी. बांधावरच्या सागाचा कागद ठरल्या दिवसांत हातीं पडावा. येत्या ग्रामसभेला बायाबापड्यांसह जा, ठराव लिहून घ्या, आणि सहीची नक्कल घेतल्याशिवाय उठूं नका.