अपघातात आजोबा आणि नात ‘ठीक’ दिसतात, तेव्हा...

गाडी दुभाजकाला धडकते. चालक रक्तबंबाळ, म्हणून पहिली रुग्णवाहिका त्याला घेऊन जाते. मागच्या सीटवरचे आजोबा आणि चार वर्षांची नात गप्प बसलेली असतात. त्यांची नोंद ‘किरकोळ मार’ अशी होते. घोळ इथेच होतो.

लहान मुलाचे शरीर आतला रक्तस्राव बराच वेळ झाकून ठेवते. नाडी धावत असते, पण रक्तदाब टिकून राहतो. तो घसरतो तेव्हा हातात फार थोडा वेळ उरलेला असतो. मुळात रक्तच किती? १५ किलोच्या मुलात साधारण सव्वा लिटर.

वृद्धांचे वेगळेच. रक्तदाबाच्या वा हृदयाच्या काही गोळ्या नाडी वाढूच देत नाहीत. एरवी १६० रक्तदाब असणाऱ्या आजोबांचा ११० भरला, तर मशीन ‘नॉर्मल’ सांगते. खरे तर ती धोक्याची खूण असू शकते. रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल तर डोक्याला बसलेला साधा मारही मेंदूत रक्तस्राव करू शकतो. तिथे टाके घालून घरी पाठवणे परवडत नाही, सीटी स्कॅन हवा.

आता पैशांचे. मोटार वाहन कायद्याने पहिल्या तासाला ‘गोल्डन अवर’ म्हटले आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये कान टोचल्यावर केंद्राने मे महिन्यात कॅशलेस उपचार योजना अधिसूचित केली. प्रत्येक जखमीला दीड लाखांपर्यंत आणि अपघातापासून सात दिवसांपर्यंत उपचार. उशिरा का होईना, चांगले झाले. पण योजना बिल भरते; मुलाच्या मापाची श्वासनलिका किंवा बालशल्यचिकित्सक महामार्गालगतच्या रुग्णालयात आणून ठेवत नाही. आणि खुब्याचे हाड मोडलेल्या पंचाहत्तरीच्या आजींना सात दिवस कसे पुरावेत? वय पाहून ही मुदत वाढवायला हवी. रुग्णवाहिकेनेही केवळ जवळचे नव्हे, तर त्या वयाच्या जखमीवर उपचार होऊ शकणारे रुग्णालय गाठावे, असा नियम हवा.

तोवर आपल्या हातात एवढे आहे: १०८ ला फोन करताना जखमींची वये आधी सांगा. आणि घरातल्या ज्येष्ठांच्या गोळ्यांच्या पाकिटांचा फोटो आजच मोबाइलमध्ये काढून ठेवा. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील.