एस.टी.च्या हादऱ्याने गर्भ निसटत नाही



परवा विहारात वंदना झाली, सगळ्या बाया घरोघर गेल्या, पण कळंबकडची एक भगिनी बसून राहिली. लग्नाला नऊ वर्षे. बचत गटाचे कर्ज काढून, कानातले मोडून सोलापूरला उपचार घेतले. दोनदा गोठवलेला भ्रूण गर्भपिशवीत सोडला, दोन्ही वेळा रक्ततपासणी निगेटिव्ह. तिने एकच विचारले, "ताई, मी त्या दिवशी एस.टी.ने घरी आले, त्या हादऱ्यानं तर पडलं नसंल?" सासूबाई तसे म्हणतात. शेजारीण म्हणते, तुळजापूरला नवस बोलली असतीस तर राहिलं असतं.

बाई गं, नाही. भ्रूण पिशवीत सुटा लोंबकळत नसतो. पोळीच्या चिकटलेल्या दोन पदरांत तीळ असावा, तसा तो असतो. उठल्याने, चालल्याने, शिंकल्याने तो पडत नाही. चौदा दिवस खाटेवर पडून राहिल्यानेही जास्त रुजतो असे दिसलेले नाही. बहुतेक वेळा भ्रूणाच्या गुणसूत्रांतच दोष असतो, म्हणून त्याची वाढ थांबते. घरच्या घरी दिवस जातात तेव्हाही कितीतरी भ्रूण असेच रुजत नाहीत, पण तेव्हा कोणी तारीख मोजत नसते. इथे मात्र गोळ्या, इंजेक्शने, सोनोग्राफी करून एकेक दिवस मोजलेला असतो, म्हणून पाळी आली की घरात मयत झाल्यासारखे वाटते. तसे वाटू द्यावे. रडावे.

रमाई-बाबासाहेबांची चार लेकरे गेली. १९२६ मध्ये राजरत्न गेला, तेव्हा एवढ्या मोठ्या माणसाने मित्राला, दत्तोबा पवारांना, पत्र लिहून मन मोकळे केले. आपल्याकडे पुरुष मात्र गप्प बसतो आणि बायकोला वाटते, याला काही नाहीच.

नवसाबद्दल तर बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घराला मी वेगळे काय सांगू? पण अडाणीपणा फक्त नवसात नसतो. कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्यायांनी १९७८ मध्ये गोठवलेल्या भ्रूणापासून मूल जन्माला घातले. ज्यांना त्यातले कळत नव्हते अशा सरकारी समितीने त्यांना खोटे ठरवले. १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. पुढे १९८६ मध्ये मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून झालेली मुलगी देशातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून गाजली. त्याच कामातले डॉ. आनंद कुमार यांनी १९९७ मध्ये मुखोपाध्यायांच्या वह्या वाचल्या आणि पहिला मान त्यांचा, असे जाहीर केले. न कळणाऱ्यांनी निकाल दिला की असे होते. घराघरात सुनेवर रोज असाच निकाल लागतो.

आता कामाचे. रक्त दिसले म्हणून मनाने गोळ्या बंद करू नका, रक्ततपासणी झाल्यावर डॉक्टर सांगतील तेव्हाच करा. अपयशानंतर लगेच दुसरी तारीख घेऊ नका. आधी विचारा : भ्रूण किती उरले, कोणत्या प्रतीचे, पिशवीचे अस्तर किती जाडीचे होते, नवऱ्याची वीर्यतपासणी पुन्हा करायची का, आणि पुढचा एकूण खर्च किती. उत्तर कागदावर मागा. २०२१ च्या कायद्याने अशा केंद्राची नोंदणी लागते, तुमची लेखी संमती लागते, आणि भ्रूण दहा वर्षांपर्यंत ठेवता येतात. म्हणजे "आत्ताच करा, नाहीतर वाया जातील" असे कोणी म्हटले तर घाबरू नका. वय पस्तिशीच्या पुढे असेल तर मात्र किती थांबायचे ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा. आणि पुढे उपचार नकोच वाटले, तर तेही नवरा-बायकोने मिळून ठरवावे, भावकीने नव्हे.

त्या भगिनीने सोयाबीन निघेपर्यंत थांबायचे ठरवले आहे. कर्जाचे दोन हप्ते फिटतील. पुढच्या वेळी नवरा मजुरी बुडवून बरोबर जाणार आहे. एस.टी.नेच.