अर्नाळकरांच्या कथांत अर्नाळा कुठंय?

मराठी पुस्तकांच्या कव्हरवर आमच्या गावाचं नाव हजाराहून जास्त वेळा छापलं गेलंय. चंद्रकांत सखाराम चव्हाण (१९०६-१९९६) यांनी बाबूराव अर्नाळकर हे नाव घेतलं आणि झुंजार, धनंजय, काळापहाड घरोघरी पोचले. मी अर्नाळ्याचा. आजोबांच्या ट्रंकेत सापडलेल्या त्यांच्या पंधरा-वीस कथांमध्ये मी गाव शोधत बसलो होतो. मुंबईतले बंगले मिळाले, मोटारी मिळाल्या, पिस्तुलं मिळाली. अर्नाळा काही मिळालं नाही.

बाबूरावांवर राग नाही. त्या वेगानं लिहिणारा माणूस प्रत्येक कथेसाठी गाव हिंडून येणार थोडाच? माझं भांडण आजच्या मंडळींशी आहे. धुकं, पाऊस, पडका वाडा, ओटीटीवर असेल तर एक ड्रोन शॉट, की झालं यांचं गाव तयार. आणि त्यावर ‘वातावरणनिर्मिती अप्रतिम’ म्हणून चार स्टार देणारे आपण.

मी पोटासाठी कोड लिहितो, म्हणून माझी परीक्षाही तसलीच आहे. पूर्ण कथेत फाइंड-रिप्लेस मारा. अर्नाळ्याच्या जागी अलिबाग टाका, नाहीतर थेट महाबळेश्वर. कथा कुठेही न अडकता शेवटपर्यंत चालली, तर ते गाव कथेत नव्हतंच. मागे लावलेला पडदा होता.

आता हे बघा. आमच्याकडे अमावास्या-पौर्णिमेला भरती साधारण दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास येते, मग रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. अष्टमीला बाराच्या सुमारास ओहोटी. हे कळायला कोळ्याला ॲप लागत नाही. म्हणजे एखादा साक्षीदार म्हणाला, ‘अमावास्येच्या रात्री बारा वाजता मी ओल्या वाळूवरून लांबवर चालत गेलो,’ तर तो खोटं बोलतोय. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. जुलैमध्ये ‘मी बोटीवर होतो’ म्हणणाऱ्याला तिथेच धरायचा. समोरच्या बेटावर किल्ला आहे, तिथे जायला होडी लागते. कोण कधी गेलं आणि परत आलं की नाही, हे होडीवाल्याला माहीत असतं. कोडं गावानं आधीच रचून ठेवलंय हो, लेखकानं फक्त यायचंय.

‘एवढं भरती-ओहोटीचं वाचकाला कसं कळणार?’ असं मला एका मित्रानं विचारलं. लेखकानं सांगितलं की कळतं! डोरोथी सेयर्सनं १९३२ साली ‘हॅव हिज कारकस’मध्ये ओहोटीच्या वेळी खडकावर प्रेत ठेवलं. नायिका मदत आणेपर्यंत भरतीनं ते नेलं. पुढचा सगळा घोळ तिथून सुरू होतो. त्या कादंबरीतला समुद्र काढून बघा काय उरतं.

मला हे एवढं का लागतं, तेही सांगतो. ऑफिसात पहिल्याच आठवड्यात गाव सांगितल्यावर एक जण म्हणाला, ‘अर्नाळा? म्हणजे बॉडी टाकतात तिथेच ना?’ सगळे हसले. मीही हसलो, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. गोष्टींतही तेच चालतं. गुन्हा मुंबईचा, डोकं मुंबईचं, प्रेत आमच्या सुरूच्या बागेत. गावातल्या माणसाला एकच रोल: सकाळी जाळं घेऊन निघालेला कोळी, प्रेत बघून किंचाळणारा. पानाचे मळे राखणारे, रात्री दोनला उठून पाणी बघणारे, कुणाची होडी कुठे बांधलीय हे अंधारात ओळखणारे लोक, आणि त्यांना एक किंकाळी?

तेव्हा लिहिणाऱ्यांनो, पुढच्या कथेत इन्स्पेक्टर विरारहून रिक्षानं येऊ दे. गॉगल लावून किल्ल्याकडे बघत उभा राहायच्या आधी त्यानं किनाऱ्यावर बोंबील वाळत घालणाऱ्या मावशींकडे जावं, आणि विचारावं, त्या रात्री तिथी कोणती होती.