हवा कोणाच्या परवानगीने?

गोवंडीतल्या आमच्या पुनर्वसनाच्या इमारतीत समोरच्या घराची खिडकी इतकी जवळ आहे, की त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या आम्ही मोजू शकतो. आमच्या खोलीला खिडकी एकच. अब्बा आणि भाई कामावर गेले, की अम्मी पडदा ओढते आणि काचही सरकवून घेते. "समोरून सगळं दिसतं," हे तिचं कारण, आणि ते खोटं नाही.

चार वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीला टीबी झाला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, "खिडकी उघडी ठेवा." तिने सहा महिन्यांत एकही गोळी चुकवली नाही आणि ती बरी झाली. खिडकी मात्र आठवडाभरातच पुन्हा बंद झाली होती.

तिला टीबी त्या खिडकीमुळेच झाला, असं मी म्हणणार नाही. पण टीबीचे जंतू हवेतून पसरतात आणि कोंडलेल्या हवेत साचून राहतात. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेच्या अभ्यासात लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजीपी कॉलनी या आपल्याच भागातल्या वसाहतींची तुलना आहे. जिथे ऊन-वारा कमी, तिथे टीबी जास्त, असं त्यात दिसलं. पेरू देशातल्या लिमा शहरातल्या रुग्णालयांचा 2007 चा अभ्यास तर डोळे उघडणारा आहे. दारं-खिडक्या उघडल्यावर खोलीतली हवा तासाला साधारण 28 वेळा बदलत होती. यंत्राने हवा खेळवलेल्या खोल्यांत ती 12 वेळाच बदलत होती.

म्हणजे इलाज फुकटातला आहे: खिडकी उघडा. पण हे आपण कोणाला सांगतो? जिला लहानपणापासून 'खिडकीत उभी राहू नकोस' असं सांगितलं गेलं, तिलाच.

सिव्हिलचा डिप्लोमा करताना मला याचं एक साधं उत्तर सापडलं, ते म्हणजे न हलणारे लूव्हर. जुन्या लाकडी खिडक्यांची झिलमिल आठवा. चौकटीत एकाखाली एक तिरक्या पट्ट्या, बाहेरच्या बाजूला उतरत्या. पावसाचं पाणी पट्टीवरून बाहेर ओघळतं, हवा फटींतून आत-बाहेर जाते आणि समोरच्याची नजर अडते. हे लूव्हर डोक्याच्या वर, छताजवळ बसवले तर आणखी चांगलं, कारण गरम हवा आणि फोडणीचा धूर वरच जमतो. मात्र एकाच भिंतीला बसवून भागत नाही. हवेला येण्याची एक वाट लागते आणि जाण्याची दुसरी. म्हणून खिडकीच्या वर बसवा आणि समोरच्या दाराच्या वरही.

यात अडचणी आहेत. पट्ट्याच बरीच जागा खातात, म्हणून चौकट मोठी लागते. डासांची जाळी लावली की हवा आणखी कमी होते. धूळ बसते, त्यामुळे जाळी काढून धुता आली पाहिजे. दोन इमारतींमध्ये बोळाएवढीच जागा असेल, तर लूव्हर तिथे ऊन किंवा वारा निर्माण करू शकत नाहीत. इमारतींमधल्या अंतराची लढाई वेगळी लढावीच लागेल.

सगळ्यात मोठी तक्रार अशी, की हे बंद करता येत नाहीत. म्हणून लोक त्यावर पुठ्ठा किंवा थर्माकोल ठोकतात. मला मात्र हाच त्यांचा मोठा गुण वाटतो. हवा येण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही, ना सासूची, ना भावाची, ना समोरच्या खिडकीतल्या नजरेची.

कोणी म्हणेल, हा पडद्याचाच नवा बंदोबस्त झाला. आक्षेप खरा आहे. कैरोच्या घरांतल्या मश्रबिया असोत की आपल्याकडच्या दगडी जाळ्या, त्यांनी हवा दिली आणि बाईला आतही ठेवलं. अम्मीने खिडकी बिनधास्त उघडावी, हेच मला हवं आहे. पण तो दिवस येईपर्यंत तिच्या फुप्फुसांनी का थांबावं?

सरकारकडे मागायचं ते मागूच. राष्ट्रीय बांधकाम संहिता उष्ण-दमट हवामानासाठी खोलीच्या क्षेत्रफळाच्या सहाव्या भागाइतकी उघाड सुचवते. शंभर चौरस फुटांच्या खोलीला साधारण सतरा चौरस फूट. आपल्या सरकत्या खिडक्या तर एका वेळी अर्ध्याच उघडतात. घर ताब्यात घेताना टाइल्सचा रंग पाहतो, तसं हेही मोजून घ्या.

पण मशिदी, मदरसे, मोहल्ल्यातल्या अभ्यासिका या तर आपल्याच हातात आहेत. तिथेही आपण एसीसाठी खिडक्या बंद करतो आणि वीज गेली की मुलं घामात कोंडतात. बांधकामाचा चंदा देताना "हवा कुठून येणार आणि कुठून जाणार?" एवढं तरी विचारू या.

आमच्या गल्लीतल्या मदरशावर नवा मजला चढतो आहे. मी ट्रस्टींकडे आराखडा मागितला, तेव्हा "मुलीला काय करायचंय?" असं उत्तर आलं. या जुम्म्यानंतर मी पुन्हा जाणार आहे, आणि यावेळी अम्मीही सोबत येणार आहे.