श्रेणी कुणाला आणि देणारे कोण?

कॅनडात बर्फावरच्या ज्युनिअर हॉकीचा हंगाम सप्टेंबरच्या शेवटी सुरू होतो आणि नाताळाच्या सुमारास अर्धा सरतो. तेव्हा तिथली गावोगावची वृत्तपत्रे एक रिवाज पाळतात. आपल्याकडे सहामाहीचे प्रगतिपुस्तक निघते, तसे स्थानिक संघाच्या प्रत्येक खेळाडूचे प्रगतिपुस्तक छापले जाते. अमक्याला अ, तमक्याला ब, आणि संघ गुणतक्त्याच्या तळाशी असेल तर बऱ्याच जणांच्या नावापुढे क किंवा ड. हे खेळाडू सोळा ते वीस वर्षांचे असतात. त्यांतले कित्येक आईबापांपासून दूर, परक्या गावात, दुसऱ्याच्या घरी राहून खेळतात. सतरा वर्षांच्या पोराला सगळ्या गावासमोर 'ड' मिळतो आणि दुसऱ्या दिवशी त्याला त्याच गावातल्या शाळेत जायचे असते.

बर्फावरच्या हॉकीशी आपल्या चळवळीचे काय देणेघेणे, असे वाचक विचारतील. हॉकीशी नसेल, पण 'श्रेणी' या शब्दाशी आपले फार जुने देणेघेणे आहे. श्रेणीबद्ध विषमता ही या देशाची मूळ व्याधी आहे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आयुष्यभर मांडले आणि २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतल्या शेवटच्या मोठ्या भाषणातही बजावले. तेव्हा कुणी कुणाला श्रेणी देत असेल, तिथे थांबून हिशेब तपासणे आपले काम आहे. मग तो हिशेब बर्फावरचा का असेना.

हरणाऱ्या संघातल्या पोराला गुण कसे मिळतात, ते आधी पाहू. समजा एका गोलरक्षकावर एका सामन्यात ४० फटके आले आणि त्याने ३६ अडवले. दुसऱ्या, बलाढ्य संघाच्या गोलरक्षकावर २० फटके आले आणि त्याने १८ अडवले. दोघांनीही शंभरात नव्वद अडवले, म्हणजे दोघांची कामगिरी सारखीच. पण पहिल्याच्या नावावर चार गोल आणि पराभव लिहिला जातो, दुसऱ्याच्या नावावर दोन गोल आणि विजय. खरे तर दुप्पट मारा झेलून तेवढेच टिकला, म्हणून पहिला सरस म्हणावा लागेल. प्रगतिपुस्तकात मात्र दुसऱ्याला अ आणि पहिल्याला क.

या खेळात अधिक-उणे नावाची एक मोजणी आहे. संघाने गोल केला की त्या क्षणी बर्फावर असलेल्या प्रत्येकाला अधिक एक, गोल खाल्ला की उणे एक. दुबळ्या संघाचा सर्वांत चांगला बचावपटू प्रतिस्पर्ध्यांच्या सर्वांत धोकादायक खेळाडूंसमोर उभा केला जातो. साहजिकच त्याच्या डोळ्यांदेखत सर्वाधिक गोल होतात आणि त्याच्याच खात्यात सर्वाधिक उणे जमा होते. कठीण काम ज्याच्या गळ्यात मारले, तोच नालायक ठरतो! हा न्याय आपल्या ओळखीचा नाही काय?

आता जरा मागे जाऊ. हा संघ बांधला कुणी? मालकाने, व्यवस्थापकाने आणि प्रशिक्षकाने. जानेवारीत खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपण्यापूर्वी तळाच्या संघाचे कारभारी आपले अनुभवी खेळाडू दुसऱ्या संघांना देऊन टाकतात आणि त्या बदल्यात पुढच्या वर्षांच्या निवडीचे हक्क घेतात. मागे उरतात ती कोवळी पोरे. पराभव ती झेलतात, श्रेणीही त्यांनाच मिळते. प्रशिक्षकाला कधीमधी एखादे अक्षर मिळते, मालकाला ते क्वचितच मिळते. गुणपत्रिका नेहमी खालच्या माणसाची निघते. वरचा माणूस असतो तो गुण देणारा.

पण खरी गंमत याच्याही आधी घडलेली असते. १९८० च्या दशकात रॉजर बार्न्सली या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञाच्या पत्नी पॉला एका ज्युनिअर हॉकी सामन्याला गेल्या असताना माहितीपत्रिका चाळत होत्या. खेळाडूंच्या जन्मतारखांत त्यांना जानेवारी, फेब्रुवारी, मार्च हेच महिने पुन्हापुन्हा दिसू लागले. पुढे बार्न्सली यांनी आकडे गोळा केले, तेव्हा वरच्या दर्जाच्या खेळाडूंत साधारण ४० टक्के पहिल्या तिमाहीत जन्मलेले आणि जेमतेम १० टक्के शेवटच्या तिमाहीतले असे चित्र निघाले.

यात ग्रहताऱ्यांचा काही संबंध नाही. तिथे वयोगट ठरवण्याची तारीख १ जानेवारी आहे. जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला मुलगा एकाच गटात खेळतात. नऊ-दहा वर्षांच्या वयात अकरा महिन्यांचा फरक म्हणजे उंचीत, वजनात, ताकदीत मोठा फरक. निवड करणाऱ्याला थोराड मुलगा 'गुणवान' वाटतो. मग त्याला चांगला संघ, चांगला प्रशिक्षक, जास्त सराव आणि जास्त सामने मिळतात. पाच-सात वर्षांनी तो खरोखरच सरस झालेला असतो. मग सगळे म्हणतात, बघा, आम्ही गुणवत्ता आधीच ओळखली होती!

वाचकहो, गुणवत्ता अशी तयार होते. केवळ एका तारखेमुळे, अकरा महिन्यांच्या आघाडीने, एका श्रीमंत देशात हजारो मुलांचे नशीब ठरते. तर मग ज्यांना शेकडो वर्षांची आघाडी मिळाली, ज्यांच्या घरात अक्षर, जमीन, मंदिर, सत्ता आणि पैसा पिढ्यान्‌पिढ्या होता, त्यांच्या 'गुणवत्ते'चे काय? आरक्षणाचा विषय निघाला की मेरिटच्या नावाने गळा काढणाऱ्या विद्वानांनी आधी आपला जानेवारी कोणता, ते सांगावे. आमचा डिसेंबर त्यांच्या पूर्वजांनी ठरवला होता.

महिन्यापुढे रंग येतो. १८९५ साली हॅलिफॅक्स परिसरातल्या काळ्या समाजाने आपली स्वतंत्र हॉकी लीग उभी केली. तिच्या पाठीशी तिथल्या बाप्टिस्ट चर्चची माणसे होती. खेळातून समाजाला संघटित करण्याची ती धडपड होती. टोरांटोचा हर्ब कार्नेगी हा आपल्या काळातला अव्वल खेळाडू. पण तो काळा होता. १९४८ साली न्यूयॉर्कच्या संघाने त्याची चाचणी घेतली आणि त्याला खालच्या लीगमधले करार देऊ केले. नॅशनल हॉकी लीगमध्ये तो एकही सामना खेळू शकला नाही. २०१२ साली तो वारला आणि २०२२ साली त्याला हॉकीच्या सन्मान दालनात स्थान मिळाले. अ श्रेणी मिळाली, पण मेल्यावर!

विली ओ'री हा त्या लीगमध्ये खेळलेला पहिला काळा खेळाडू. त्याने १८ जानेवारी १९५८ रोजी बोस्टनकडून पदार्पण केले. ज्युनिअर हॉकी खेळताना चकती लागून त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली होती आणि ही गोष्ट त्याने लपवून ठेवली. कळली असती तर दार बंदच होते. एका डोळ्याने खेळणाऱ्या या माणसाला त्याच्या ज्युनिअर संघाच्या प्रगतिपुस्तकात कोणते अक्षर मिळायला हवे होते? गुण देणाऱ्याला माहीत असते तेवढेच त्याला दिसते. खेळणारा काय सोसून खेळतो आहे, याचा रकाना कागदावर नसतो.

आपल्या देशात तर श्रेणी खेळाआधीच दिलेली असते. टोकियो ऑलिंपिकमध्ये ३१ जुलै २०२१ रोजी वंदना कटारिया यांनी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये असा पराक्रम करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला हॉकीपटू. त्या विजयावर संघाची पुढची वाट अवलंबून होती. चारच दिवसांनी, ४ ऑगस्टला भारत उपांत्य सामन्यात अर्जेंटिनाकडून हरला आणि हरिद्वारजवळच्या रोशनाबादेत त्यांच्या घरासमोर फटाके वाजले. संघात दलित फार झाल्या म्हणून हरला, अशी जातिवाचक शेरेबाजी झाल्याची तक्रार कुटुंबीयांना पोलिसांत द्यावी लागली. जिंकल्यावर ती 'देशाची बेटी' आणि हरल्यावर अमक्या जातीची! दोन दिवसांनी कांस्यपदकाच्या सामन्यात त्याच वंदनांनी पुन्हा गोल केला.

ही रीत नवी नाही. पळवणकर बाळू या चर्मकार समाजातल्या गोलंदाजाने १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. पुण्यात याच बाळूंना चहा मात्र बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यातून मिळत असे. गोलंदाजीला अ, माणूसपणाला शून्य. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना हक्काने मिळायला हवे होते, ते मिळाले नाही. १९२३ साली त्यांचे बंधू विठ्ठल कर्णधार झाले. पुढे बाळू काँग्रेसच्या बाजूने गेले आणि १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांविरुद्ध उभे राहून हरले. तो राजकीय हिशेब वेगळा. त्यांच्या चेंडूवरचा हक्क आपण त्यासाठी सोडण्याचे कारण नाही.

तर मग खेळाडूंना श्रेणी देऊच नये काय? तसे मी म्हणत नाही. आपल्या पोरांना सहानुभूतीचे गुण नकोत. पाय मंद असेल, सरावाला दांडी असेल, तर ते तोंडावर सांगितलेच पाहिजे. लाड करणारा प्रशिक्षक हा तुच्छ लेखणाऱ्याचाच भाऊ असतो. दोघांनाही पोराकडून काही अपेक्षा नसते. मागणी फक्त न्याय्य मोजणीची आहे.

हंगाम अर्धा झाला की आधी वरच्यांना गुण द्या. संघ निवडणारे, मैदान देणारे, वसतिगृह चालवणारे यांना पहिली श्रेणी. नंतर पोराने सुरुवात कुठून केली आणि आज तो कुठे आहे, ते अंतर मोजा. त्याला कुणासमोर उभे केले होते, सोबतीला कोण दिले होते, पायात बूट होते काय, पोटात काय होते, हे रकाने त्याच कागदावर असू द्या. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालच्या शालेय स्पर्धांतून आपली मुले बाद होतात, तेव्हा पालकांनी आणि कार्यकर्त्यांनी त्यांचा जन्ममहिना एकदा विचारून पाहावा. वस्तीवस्तीत जयंती मंडळे आहेत, विहारे आहेत. त्यांनी बाद झालेल्या पोराला आणखी दोन वर्षे मैदानावर टिकवले, तरी मोठे काम होईल.

कारण सहामाहीची श्रेणी हा अखेरचा निकाल नसतो. १९०७ साली भीमराव रामजी आंबेडकर नावाचा एक विद्यार्थी मॅट्रिकला ७५० पैकी २८२ गुण मिळवून पास झाला. शंभरात अडतीसही नव्हेत. आजच्या मेरिटवाल्यांनी त्या कागदावर खुशाल 'ड' लिहिला असता. पण केळुसकर गुरुजींनी त्या गुणांपलीकडचा मुलगा पाहिला, त्याच्या सत्काराला उभे राहिले आणि त्याच्या हाती बुद्धचरित्र दिले. पुढचा इतिहास वाचकांना सांगायला नको.

प्रत्येक हरणाऱ्या संघात असा कुणीतरी ४० फटके झेलत उभा असतो. त्याला ड देणारे पुष्कळ आहेत. त्याचे ३६ मोजणारे आपण झालो पाहिजे.

जय भीम!